रात्रपाळी

विगन हे तेव्हा इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातलं कोळशाचं गाव होतं. खाणी, सूतगिरण्या, धुरानं काळवंडलेल्या विटांच्या चाळी, आणि १९३०च्या दशकातल्या मंदीनं घरी बसवलेले हजारो हात. १९३६च्या फेब्रुवारीत जॉर्ज ऑर्वेल या गावात मुक्कामाला आला, खाणीत उतरला, बेकारांच्या घरी बसला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं लिहिलेल्या पुस्तकामुळे विगनचं नाव जगभर झालं. ऑर्वेल मूळचा पोलीसवाला. जन्म आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा आणि नोकरी १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात, इंडियन इंपीरियल पोलीसमध्ये. परक्या लोकांवर दंडुका चालवायची लाज वाटू लागली म्हणून त्यानं ती सोडली.

त्याच सुमाराला विगनच्या पोलीस दलात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कारकुनी करत होता. त्यालाही ही नोकरी सोडायची होती, पण कारण एवढं थोर नव्हतं. त्याला बसून काम करणं जमत नव्हतं. नोंदवह्या, फायली, वरिष्ठांच्या सह्या आणि खिडकीबाहेर तोच तो पाऊस. जॉन रँडल डॅनियल ब्रॅहम हे त्याचं पूर्ण नाव. सगळे त्याला बॉब म्हणायचे. आठ वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, त्याच्या छातीवर तीन डीएसओ आणि तीन डीएफसी ही शौर्यपदकं होती. त्याच्या नावावर शत्रूची २९ विमानं जमा होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रात्रीच्या अंधारात पाडलेली.

ब्रॅहमची गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगायला सोपी आहे, आणि तशी ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. पण त्याला विगनच्या टेबलावरून उठवणारा जो गुण होता, तोच त्याला मोठा करून गेला आणि तोच शेवटी त्याच्या मुळावर आला. त्याला थांबता येत नसे. युद्धाला अशी माणसं हवी असतात. पण या माणसांना थांबवायचं कुणी, हा प्रश्न युद्धाच्या घाईत कुणाला फारसा पडत नाही.

चार वर्षांचा करार

ब्रॅहमचा जन्म ६ एप्रिल १९२०चा, सॉमरसेटमधल्या बाथजवळच्या होलकम गावचा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. पहिल्या महायुद्धात ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होते. म्हणजे घरात बायबल होतं आणि विमानंही होती. मुलगा अभ्यासात चमकणारा नव्हता. शाळा संपवून तो नोकरीला लागला, आणि लागल्यापासून दुसरं काहीतरी शोधत राहिला.

वाट मिळाली ती हिटलरमुळे. जर्मनीच्या शस्त्रसज्जतेला उत्तर म्हणून ब्रिटननं १९३४पासून विमानदल वाढवायला घेतलं होतं. विमानं कारखान्यात बनत होती, पण ती चालवणारी पोरं आणायची कुठून? क्रॅनवेलच्या अकादमीतून बाहेर पडणारे अधिकारी मूठभर. त्यावर उपाय होता अल्पमुदतीच्या कमिशनचा: चार वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि नंतर राखीव दलात नाव. विद्यापीठाची पदवी नको, बड्या घराण्याची शिफारस नको. प्रकृती धडधाकट आणि डोकं शाबूत असलं की पुरे. दुकानांत, बँकांत, कचेऱ्यांत कंटाळलेल्या एका अख्ख्या पिढीला या योजनेनं आकाशात नेलं. १९३७ सरता सरता विगनच्या कारकुनाचा अर्जही मंजूर झाला.

तो विगनलाच राहिला असता तर काय झालं असतं, याचाही अंदाज बांधता येतो. युद्ध सुरू झाल्यावर पोलिसांची नोकरी राखीव ठरली. शहरांवर बॉम्ब पडत असताना शिपायांनी सैन्यात निघून जाणं सरकारला परवडणारं नव्हतं. १९४१मध्ये पोलिसांना विमानदलाच्या उड्डाण शाखेत स्वेच्छेनं जाण्याची मुभा मिळाली, आणि अनेक तरुण शिपाई हेल्मेट उतरवून विमानात चढले. ब्रॅहमनं ती वाट युद्धाच्या आधीच धरली होती. १९४१ उजाडेपर्यंत त्याच्या गणवेशावर पहिला डीएफसी लागायची वेळ आली होती.

१९३८मध्ये टायगर मॉथ या दुपंखी विमानावर त्यानं उड्डाणाचे धडे गिरवले, आणि वर्षाअखेरीस तो एसेक्समधल्या डेब्डन तळावर २९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. प्रत्येक नव्या पोराचं स्वप्न स्पिटफायर किंवा हरिकेनचं असे. २९ स्क्वाड्रनच्या वाट्याला आलं ब्लेनहाइम. मूळचं हे दोन इंजिनांचं बॉम्बर. पोटाखाली चार मशिनगनचा पेटारा बसवून त्याला लढाऊ विमान म्हणायचं ठरलं होतं. जर्मन जु-८८ बॉम्बर त्याच्यापेक्षा वेगवान होतं. आणि हे विमान घेऊन करायचं काय, तर रात्री गस्त घालायची.

काळोखात कोण दिसतं?

१९४०च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी जी झुंज झाली, तिच्यावर सिनेमे निघाले. पांढऱ्या धुराच्या रेषा, गवतावर पहुडलेले वैमानिक, घंटा वाजताच धावत सुटणं. ही लढाई दिवसाची. रात्रीच्या लढाईवर सिनेमा काढणं कठीण, कारण तिथं दिसतच काही नाही.

बॉम्बर येतंय हे किनाऱ्यावरच्या रडार मनोऱ्यांना कळे. पण ते मनोरे समुद्राकडे तोंड करून उभे होते. विमान एकदा किनारा ओलांडून आत आलं की त्याचा माग काढायचा तो जमिनीवरच्या टेहळ्यांनी, डोळ्यांनी आणि कानांनी. रात्री डोळे निकामी. वरच्या वैमानिकाला सांगितलं जाई की शत्रू पाच-सहा मैलांच्या टापूत कुठंतरी आहे. चांदणं नसलेल्या रात्री बॉम्बर शे-दोनशे यार्डांवर आल्याशिवाय दिसत नसे. तेवढ्या अंतरावरून तो आडवा निघून गेला, तर दिसून न दिसल्यासारखाच.

२४ ऑगस्ट १९४०च्या रात्री ब्रॅहमला पहिलं यश मिळालं. हंबर नदीच्या मुखाजवळ एक जर्मन बॉम्बर सर्चलाइटच्या झोतात सापडलं आणि ते त्यानं पाडलं. वीस वर्षांच्या पोराला आभाळ ठेंगणं झालं असेल. पण झोत चुकता तर काहीच हाती लागलं नसतं, आणि त्यानंतरच्या कित्येक रात्री तसंच झालं. पुढच्याच महिन्यात, ७ सप्टेंबरला, लंडनवरचा भडिमार सुरू झाला. सलग ५७ रात्री शहरावर बॉम्ब पडले. मे १९४१पर्यंत चाललेल्या त्या सत्रात ब्रिटनमधले ४० हजारांहून अधिक नागरिक मेले. खाली शहरं जळत होती आणि वर ब्रॅहमसारखे वैमानिक तासन् तास काळोखात घिरट्या घालून, कुणाचंही तोंड न बघता परत येत होते. त्या हिवाळ्यात लोक उघड विचारत होते, आपली विमानं आहेत तरी कुठं?

गाजरं आणि व्हॉल्व

उत्तर प्रयोगशाळेत तयार होत होतं. जमिनीवर मनोऱ्याएवढं असलेलं रडार लहान करून विमानात बसवायचं. जुलै १९४०मध्ये ससेक्सच्या किनाऱ्याजवळ एका प्रायोगिक तुकडीच्या ब्लेनहाइमनं विमानातल्या रडारच्या आधारानं जर्मन बॉम्बर पाडलं; जगातला असा हा पहिलाच पाडाव. पण यंत्रणा कच्ची होती. ती जमिनीवरून परतणाऱ्या लहरींनी गोंधळून जाई, त्यामुळे विमान जितक्या उंचीवर, साधारण तितक्याच अंतरापर्यंत तिला दिसे. आणि अगदी जवळ गेलं की लक्ष्य दिसेनासं होई.

१९४०च्या शरदात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, ब्यूफायटर हे नवं विमान: दणकट, दोन इंजिनांचं, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि पंखांत सहा मशिनगन. सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये तोफांना ६० गोळ्यांची जड पिंपं होती. ती संपली की मागच्या माणसानं काळोखात, हेलकावणाऱ्या विमानात, हातानं बदलायची. दुसरी गोष्ट जमिनीवरची. फिरणारी अँटेना असलेलं नवं रडार केंद्र, ज्याच्या पडद्यावर आपलं विमान आणि शत्रूचं विमान दोन्ही ठिपके एकाच वेळी दिसत. खालचा नियंत्रक दोन्ही ठिपके बघून वैमानिकाला दिशा आणि उंची सांगे, आणि त्याला शत्रूच्या मागं दोन-तीन मैलांवर नेऊन सोडे. तिथून पुढचं काम विमानातल्या रडारचं.

मार्च १९४१मध्ये ब्रिटनच्या रात्रीच्या लढाऊ विमानांनी २२ शत्रुविमानं पाडल्याचा दावा केला. मे महिन्यात तोच आकडा ९६वर गेला. वैमानिक तेच होते. बदलली होती ती खालची आणि वरची यंत्रणा, आणि त्या दोघींमधलं बोलणं. अर्थात हे गुपित होतं. म्हणून जॉन कनिंगहॅम या दुसऱ्या नामांकित वैमानिकाला मांजराचे डोळे आहेत आणि आमची पोरं गाजरं खाऊन रात्री बघतात, असा प्रचार सरकारनं केला. लोकांनी मनापासून गाजरं खाल्ली.

ही यंत्रणा किती मोलाची होती याचा एक अनुभव आपल्याकडचाही आहे. डिसेंबर १९४२मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकायला सुरुवात केली, आणि घाबरलेली माणसं लाखोंच्या संख्येनं शहर सोडू लागली. जानेवारी १९४३मध्ये रडार असलेली मोजकी ब्यूफायटर कलकत्त्याजवळ येऊन दाखल झाली. १५ जानेवारीच्या रात्री त्यांतल्या एकानं, फ्लाइट सार्जंट प्रिंग या वैमानिकाच्या हाती, काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडली. जे लंडननं आठ महिने भोगलं, त्यातून कलकत्ता पुष्कळ अंशी बचावलं, ते मूठभर विमानं आणि त्यांतल्या काचेच्या व्हॉल्वच्या जोरावर.

मागच्या सीटवरचा ड्रमवाला

ब्यूफायटरमध्ये दोन माणसं बसत. पुढं वैमानिक. बऱ्याच मागं, पाठमोऱ्या घुमटाखाली, रडार चालवणारा. दोघांमध्ये इतकं अंतर की बोलणं फक्त इंटरकॉमवर. मागच्याला रडारच्या दोन छोट्या गोल पडद्यांवर हिरव्या रेषा दिसत. एकीवरून शत्रू डावीकडे की उजवीकडे हे काढायचं, दुसरीवरून वर की खाली. बाहेरचं त्याला काहीच दिसत नसे. पुढच्याला बाहेर सगळीकडे काळोख. अंधपंगुन्यायाचं यापेक्षा चोख उदाहरण सापडायचं नाही: एकाला रस्ता कळतो पण सुकाणू हाती नाही, दुसऱ्याच्या हाती सुकाणू आहे पण रस्ता दिसत नाही.

१९४१मध्ये ब्रॅहमच्या मागं विल्यम ग्रेगरी येऊन बसला. युद्धाआधी तो डेब्रॉय सॉमर्सच्या नृत्यवाद्यवृंदात ड्रम वाजवायचा, म्हणून स्क्वाड्रनमध्ये त्याचं नाव पडलं ‘स्टिक्स’. ब्रॅहम तापट आणि घाईचा. ग्रेगरी वयानं मोठा, थंड डोक्याचा, तालात बोलणारा. डावीकडे, हळू. आता सरळ. वेग कमी कर. तो थोडा वर आहे. हे बोलणं अखंड चालू ठेवावं लागे, कारण मागचा गप्प झाला की पुढचा आंधळा. वेग जरा जास्त झाला तर आपणच शत्रूच्या पुढं निघून जाणार आणि त्याच्या गनरला आयते सापडणार. कमी झाला तर पडद्यावरचा ठिपका विरघळणार. अखेर काही शे फुटांवर काळोखात काळोखाहून दाट अशी एक आकृती दिसे, एक्झॉस्टच्या निळसर ज्वाळा दिसत. तरीही लगेच गोळी झाडायची नाही. आधी ओळख पटवायची. आकाशात आपलीही विमानं होती, आणि चुकून आपल्याच माणसांना पाडल्याच्या घटनाही घडत होत्या.

गस्त, खालच्या कक्षाकडून आलेली खबर, माग, ओळख आणि मग कारवाई. ज्या पोलीस खात्याला कंटाळून हा मुलगा पळाला होता, त्याच खात्याच्या रात्रपाळीची ही शिस्त. फरक असला तर एवढाच की इथं पंचनाम्यात बहुधा मेलेली माणसं असत.

गाय गिब्सन हा पुढं रूर खोऱ्यातली धरणं फोडून अजरामर झालेला वैमानिकही १९४०-४१मध्ये याच स्क्वाड्रनमध्ये होता. तो मूळचा बॉम्बरवाला, आणि वर्षभरानंतर तो परत बॉम्बर्सकडे गेला. ब्रॅहम रात्रीतच राहिला.

सुट्टी नको

विमानदलाच्या नियमानुसार ठराविक काळ लढल्यावर वैमानिकाला विश्रांतीसाठी प्रशिक्षण केंद्रात धाडत. १९४२च्या सुरुवातीला ब्रॅहमला क्रॅनफिल्डला शिक्षक म्हणून पाठवलं. एव्हाना त्याचं जोनशी लग्न झालं होतं. नवशिक्यांना शिकवावं, संध्याकाळी घरी जावं, झोप भरून काढावी, असा या बदलीचा हेतू. ब्रॅहम मात्र सवड काढून केंटमधल्या वेस्ट मॉलिंगला, आपल्या जुन्या स्क्वाड्रनला भेटायला जाई. आणि नुसती भेट घेऊन येत नसे, एखादं उड्डाणही मारून येई. अशाच एका भेटीत त्यानं जर्मन बॉम्बर पाडलं. वरिष्ठांनी कान धरायचा की पाठ थोपटायची? त्यांनी पाठ थोपटली, आणि लवकरच तो परत आघाडीवर आला.

डिसेंबर १९४२मध्ये त्याला १४१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं प्रमुखपद मिळालं. वय २२, हुद्दा विंग कमांडर. स्क्वाड्रन मरगळलेलं होतं, कारण इंग्लंडवर येणारी जर्मन विमानं आटली होती. लढाई आता उलटी फिरली होती. ब्रिटनची शेकडो बॉम्बर रोज रात्री जर्मनीवर जात होती, आणि त्यांना पाडायला तिकडे जर्मन रात्र-लढाऊ विमानं टपून बसली होती. हॉलंडपासून डेन्मार्कपर्यंत आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात एक रडार केंद्र आणि एक विमान, अशी त्यांची मांडणी. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची ५५ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यातल्या फार मोठ्या वाट्याचं श्रेय या जर्मन वैमानिकांकडे जातं.

त्यांच्या विमानांतही रडार होतं, ‘लिख्टेनश्टाइन’ नावाचं. मे १९४३मध्ये एक जु-८८ आपल्या रडारसकट स्कॉटलंडच्या डाइस तळावर उतरलं. त्यातले लोक ब्रिटनला फितूर झाले होते. ते विमान आजही ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे आहे. रडारवर संशोधन करणाऱ्या मॉल्व्हर्नच्या शास्त्रज्ञांनी त्या जर्मन रडारच्या लहरी पकडणारा एक संवेदक बनवला होता, ‘सेरेट’. रडार चालू केलं की लहरी बाहेर पडणारच, आणि त्या लहरींवरून ते चालवणारा कुठल्या दिशेला आहे हे कळणार. शिकाऱ्याचं हत्यारच त्याचा ठावठिकाणा सांगू लागलं. सेरेट वापरण्यासाठी पहिली निवड झाली ती ब्रॅहमच्या १४१ स्क्वाड्रनची.

सेरेटला दिशा कळे, अंतर कळत नसे. त्यामुळे डाव असा बसवला गेला की सावज व्हायचं. बॉम्बरच्या वेगानं, बॉम्बरच्या वाटेवर उडत राहायचं, जर्मन विमानाला आपल्या मागं लागू द्यायचं. ते सहा हजार फुटांच्या आत आलं की एकदम गर्रकन वळून उलट त्याच्या मागं जायचं. मधले काही सेकंद चुकले तर खेळ खलास. १४ जून १९४३च्या रात्री स्क्वाड्रन पहिल्यांदा सेरेट घेऊन निघालं, आणि त्याच रात्री ब्रॅहम आणि ग्रेगरीनं हॉलंडच्या किनाऱ्यावर एक बीएफ-११० हे जर्मन लढाऊ विमान पाडलं.

पॅराशूटमधला माणूस

१७ ऑगस्ट १९४३. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे इथं जर्मनी लांब पल्ल्याची रॉकेटं बनवत होतं. त्या रात्री ५९६ ब्रिटिश बॉम्बर तिकडे निघाली. ४० परत आली नाहीत. ब्रॅहम फ्रिशियन बेटांच्या बाजूला जर्मन रात्र-वैमानिकांची वाट अडवून होता. मागं त्या रात्री ग्रेगरी नव्हता, जेकब्स हा दुसरा कुशल रडारवाला होता. एकापाठोपाठ एक दोन बीएफ-११० त्यानं पाडली. एकात गेऑर्ग क्राफ्ट होता, तो मेला. दुसऱ्यातला हाइन्झ फिंके तेवढा वाचला आणि कित्येक तास समुद्रात तरंगल्यावर हाती लागला. दोघंही अनेक ब्रिटिश बॉम्बर पाडलेले मुरब्बी वैमानिक.

त्या रात्रीचा एक क्षण ब्रॅहमनं आपल्या आठवणींत लपवलेला नाही. पाडलेल्या विमानातला एक जण पॅराशूटनं खाली जाताना त्याला दिसला, आणि त्यालाही संपवावं असं त्याच्या मनात आलं. तसं तो बोललाही. मागून जेकब्सनं त्याला आवरलं, बिचाऱ्याला सोड म्हणाला. ब्रॅहमनं बोट मागं घेतलं.

शौर्यकथांच्या पानांत हा प्रसंग अवघडून बसतो, म्हणून बहुतेक जण तो घाईनं ओलांडतात. मला वाटतं, या माणसाचं सगळ्यात खरं दर्शन इथंच घडतं. धर्मोपदेशकाच्या घरातला मुलगा, वय तेवीस, तीन वर्षं रात्र-रात्र जागा. हा क्रूर नव्हता, पार शिणलेला होता. आणि त्याचा तोल सांभाळला तो मागच्या सीटवरच्या माणसानं. ज्याला आपण एकट्याचं शौर्य म्हणतो, त्यात असे दुसऱ्याचे हात असतात.

२९ सप्टेंबरला, जेकब्सच्याच साथीनं, त्यानं झायडर झी या हॉलंडमधल्या जलाशयावर आउगुस्ट गायगरला पाडलं. गायगरच्या नावावर ५३ पाडाव होते आणि वयानं तो ब्रॅहमच्याच बरोबरीचा. तो पॅराशूटनं उतरला, पण पाण्यात बुडून मेला. यानंतर मात्र वरिष्ठांनी ब्रॅहमला स्क्वाड्रनमधून उचललं.

उसनी विमानं

उचललं खरं, पण ठेवलं कुठं? १९४४च्या सुरुवातीला तो विमानदलाच्या २ क्रमांकाच्या ग्रुपच्या मुख्यालयात रुजू झाला. तिथले प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल बेझिल एम्ब्री. १९४०मध्ये फ्रान्सवर पाडले गेलेले, जर्मनांच्या हातून निसटून परत आलेले, आणि एवढ्या हुद्द्यावरही ‘विंग कमांडर स्मिथ’ अशा खोट्या नावानं स्वतः मोहिमांवर जाणारे गृहस्थ. ब्रॅहमसारख्याला आवर घालण्यासाठी यापेक्षा चुकीचा साहेब शोधून मिळाला नसता. कचेरीचं काम सांभाळून अधूनमधून उड्डाण करायला एम्ब्रींची परवानगी होती. टेबल पुन्हा समोर आलं होतं, आणि ब्रॅहम पुन्हा टेबलावरून उठला.

ग्रुपमधल्या कुठल्या तरी स्क्वाड्रनचं मॉस्किटो विमान उसनं घ्यायचं, कधी ग्रेगरीला तर कधी जेकब्सला सोबत घ्यायचं, आणि दिवसाउजेडी एकट्यानं फ्रान्स किंवा डेन्मार्कवर घुसायचं. समुद्रावरून लाटांना टेकेल इतकं खाली उडत जायचं, ढगांचा आडोसा धरायचा, बेसावध जर्मन विमान दिसलं की पाडून पळायचं. रात्रीच्या लढाईत त्याच्या पाठीशी नियंत्रक होता, रडारचा पडदा होता, काळोखाचं पांघरूण होतं. इथं त्यातलं काही नव्हतं. त्याच्या नावावरची विमानं वाढत गेली आणि आयुष्याची दोरी तितकीच झिजत गेली. १२ मे १९४४ला डेन्मार्कवरून परतताना त्याचं जखमी मॉस्किटो उत्तर समुद्रात उतरलं. मागं ग्रेगरी होता. बोटींनी दोघांना वाचवलं. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. ब्रॅहम साधारण सहा आठवड्यांनी परत डेन्मार्कवर होता.

२५ जून १९४४. सोबत डॉन वॉल्श हा ऑस्ट्रेलियन. जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एफडब्ल्यू-१९० या जर्मन लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं. त्यांतल्या रोबेर्ट श्प्रेकेल्सच्या गोळ्यांनी मॉस्किटोचं इंजिन पेटलं, आणि ब्रॅहमनं ते कसंबसं रिंगकबिंग फियॉर्डजवळच्या वाळूत पोटावर उतरवलं. दोघं जिवंत निघाले आणि पकडले गेले. सेरेटची खडान्‌खडा माहिती असलेला, २ क्रमांकाच्या ग्रुपच्या मुख्यालयातला विंग कमांडर जर्मनांच्या हाती लागला होता. चौकशीत त्यानं दाद दिली नाही, पण त्याला त्या आकाशात असायचं मुळात कारणच नव्हतं.

उरलेलं युद्ध त्यानं सागानच्या श्टालाग लुफ्ट ३ या छावणीत काढलं. तीनच महिन्यांपूर्वी या छावणीतून भुयार खणून ७६ कैदी पळाले होते, आणि पुन्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना गेस्टापोनं गोळ्या घातल्या होत्या. जानेवारी १९४५मध्ये रशियन फौजा जवळ आल्यावर सगळ्यांना बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. सुटका झाली ती वसंतात.

हिशेब कुणाच्या नावावर

युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये ब्रॅहमचं मन रमलं नाही. १९५२मध्ये तो कुटुंबासह कॅनडाला गेला आणि तिथल्या हवाई दलात दाखल झाला. १९६१मध्ये त्याचं ‘स्क्रँबल’ हे आत्मचरित्र आलं. ज्याच्या गोळ्यांनी तो पडला, त्या श्प्रेकेल्सशी त्याची पुढं दोस्ती झाली. ७ फेब्रुवारी १९७४ला मेंदूतल्या गाठीनं नोव्हा स्कोशियात त्याचा अंत झाला. वय ५३.

२९ या आकड्यामुळे तो इतिहासात राहिला. विमानदलाच्या रिवाजाप्रमाणे पाडाव लिहिला जातो वैमानिकाच्या नावावर. ग्रेगरी आणि जेकब्सनाही पदकं मिळाली, ग्रेगरीच्या छातीवरही डीएसओ लागला. पण यादी निघते तेव्हा ती ब्रॅहमची निघते. खालच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याला डोळे लावून बसलेला नियंत्रक, मॉल्व्हर्नचे शास्त्रज्ञ, रात्रभर थंडीत तोफा भरणारे कामगार, यांच्या नावावर तर काहीच चढत नाही. ब्रॅहमला हे कळत नव्हतं असं नाही. आपल्या रडारवाल्यांबद्दल त्यानं कायम कृतज्ञतेनंच लिहिलं. पण कळणं वेगळं, आणि आपल्यावाचून अडणार नाही हे मान्य करणं वेगळं.

अडलं नाहीच. त्याला उचलल्यानंतर डिसेंबर १९४३मध्ये १४१ स्क्वाड्रन नॉरफकमधल्या वेस्ट रेनमला गेलं आणि नव्यानं उभ्या राहिलेल्या १०० ग्रुपमध्ये सामील झालं. बॉम्बर्सच्या रक्षणासाठी शत्रूच्या रात्र-वैमानिकांची शिकार करणं हे या ग्रुपचं एक मुख्य काम, आणि त्याची रीत बसवली होती ब्रॅहमच्या माणसांनी. जर्मनांनी रडार बदललं, सेरेट आंधळं झालं, तेव्हा इतर यंत्रं आली. ब्यूफायटर जाऊन मॉस्किटो आली. ब्रॅहम सागानच्या तारांमागं दिवस मोजत असताना त्याच्या जुन्या स्क्वाड्रनची पोरं, त्याच्यापेक्षा कमी नावाजलेली, तेच काम रोज रात्री करत होती आणि ते चोख होत होतं.

वैमानिक म्हणून ब्रॅहमनं २९ विमानं पाडली. अधिकारी म्हणून त्याची कमाई याहून मोठी आहे: एक मरगळलेलं स्क्वाड्रन त्यानं असं उभं केलं की ते त्याच्याशिवाय चालू शकलं. तेविसाव्या वर्षी एवढं करून दाखवणाऱ्या माणसाला, आता तू घरी जा, तुझी पाळी संपली, असं ठामपणे सांगणारा एक वरिष्ठ मिळायला हवा होता. विगनच्या ठाण्यातल्या साध्या हवालदारालाही रात्र संपली की पाळी बदलून मिळते.